डांगरवाडीचा भोंगा

भोंगा वाजला आणि नदीतली सगळी माणसं हसली.

कुणी कमरेवर हात ठेवून काठाकडे पाहिलं, कुणी डोक्यावरचं फडकं काढून हलवलं. पल्याडच्या बाजूला एका गड्याने तर दोन्ही हात वर करून वरातीतला नाच करून दाखवला. मग सगळी पुन्हा वेलांवर वाकली. मीही काठावरून हात हलवला. माझ्या एका हातात चहाचा कप होता, मांडीवर लॅपटॉप होता, आणि भोंगा पहिल्याच फटक्यात वाजला म्हणून मी मनातून खूष होते.

भागरथाबाई भोंग्याच्या खांबाशेजारी उकिडव्या बसून टरबुजं निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"झालं का बाई तुमचं?"

"झालं की. पाहिलंत ना कसा खणखणीत वाजला."

"वाजला तं वाजला. उठलं का कोणी?"

"कोणी उठायचं नाही, हे तुम्हीच मला सांगायला लावलंत," मी म्हटलं.

खरंच होतं ते. त्या आठवड्यात आम्ही दोनदा भोंगा वाजवून पाहिला होता, आणि दोन्ही वेळेला नदीतली माणसं हातातलं काम टाकून, तापलेली वाळू तुडवत, धापा टाकत काठावर आली होती. वर येऊन पाहतात तर काय, मी लॅपटॉप घेऊन बसलेली. दुसऱ्या वेळेला भागरथाबाईंनी मला सगळ्यांदेखत सुनावलं, की तोडणीचे दिवस आहेत, व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असते, तुमच्या भोंग्यापायी आम्ही किती वेळा धावायचं. म्हणून त्या दिवशी उजाडताच मी स्वतः वाफ्यावाफ्यातून फिरले आणि सगळ्यांना सांगितलं, की आज तालीम आहे, भोंगा कितीही वेळा वाजला तरी उठू नका. मी काठावर उभी राहून नाचले तरी उठू नका, असंही वर म्हटलं होतं. लोकांना ते फार आवडलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मोहटोला हे आमच्या पूर्व विदर्भातलं नदीकाठचं गाव. होळी उलटली की तिथली नदी आटते, एक बारीक धार तेवढी राहते, आणि बाकीचं पात्र नुसती वाळू. मग ढिवरांची, म्हणजे एरवी मासेमारी करणाऱ्यांची, घरं गावातून उठून नदीवर येतात. काठावर गवताच्या झोपड्या बांधतात आणि खाली पात्रात डांगरं, टरबुजं, काकड्या लावतात. या शेतीला तिकडे डांगरवाडी म्हणतात. पावसापर्यंत सगळा संसार तिथेच.

वरच्या अंगाला सोनखांबचा बंधारा आहे. त्याची दारं उघडली की अर्ध्या तासात पाणी वाडीपर्यंत येतं. आदल्या उन्हाळ्यात असंच कुणाला न सांगता पाणी सुटलं, आणि एक म्हातारा त्याच्या बैलजोडीसकट वाहून गेला. त्यानंतर एका संस्थेने आमच्या नागपूरच्या कंपनीला बोलावलं. कंपनी म्हणजे आम्ही तीन माणसं आणि एक भाड्याची खोली. काम सोपं वाटत होतं. बंधाऱ्याची दारं आता एका सॉफ्टवेअरवर चालत होती. दार उघडलं की त्या सॉफ्टवेअरने आम्हाला कळवायचं आणि आम्ही वाडीवरचा भोंगा वाजवायचा.

आमच्या धंद्यात याला वेबहुक म्हणतात. भागरथाबाईंना मी ते गॅस सिलिंडरवरून समजावलं होतं. एजन्सीत रोज चकरा मारून "आला का, आला का" विचारत बसण्यापेक्षा आपला नंबर देऊन ठेवायचा, आला की तेच फोन करतील. तसं आम्ही त्या सॉफ्टवेअरला आमचा पत्ता देऊन ठेवला होता. निरोप आला की आमच्याकडून लगेच "मिळाला" असं उत्तर जायला हवं. उत्तर नाही गेलं तर ते थोडं थांबून तोच निरोप पुन्हा पाठवतं, मग पुन्हा. हा उत्तराचा भाग मी अजून लिहिला नव्हता, दुपारवर ढकलला होता. तालमीत काय फरक पडतो, असा माझा विचार.

त्या दिवशीची तालीम अशी ठरली होती, की नागपूरहून प्रसेनजितने चाचणीचं बटण दाबायचं आणि मी वाडीवर बसून भोंगा वाजतो का ते पाहायचं. प्रसेनजित रंगारी म्हणजे आमच्या तिघांतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात आळशी माणूस. त्याने ठरल्यापेक्षा लवकर बटण दाबलं याचंच मला आश्चर्य वाटलं होतं.

"तुमचा भोंगा वाजला हे तुम्हाले समजते," भागरथाबाई टरबूज कानाशी धरून टिचकी मारत म्हणाल्या. "आमाले ऐकू आला का नाही, हे कसं समजन?"

"एवढ्या मोठ्यांदा वाजल्यावर ऐकू येणार नाही का?"

टरबूज बाजूला ठेवून त्यांनी दुसरं उचललं. त्यांचं माझं असंच चाललं होतं आठ दिवस. त्या विचारायच्या, मी उत्तर द्यायची, आणि माझं उत्तर त्यांना पटलं नाही हे त्या न बोलता कळवायच्या. सकाळी खांबाची पूजा झाली तेव्हाही तेच. मी हौसेने उदबत्ती पेटवून खांबाला खोचायला गेले, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि खाली धारेजवळच्या ओल्या वाळूत नेऊन लावली. वारा सुटला की वाडीत काडी ओढायची नाही, म्हणाल्या. सगळा गवताचा कारभार. गेल्या साली एका झोपडीवर चुलीतली ठिणगी उडाली तर अख्खी वाडी घागरी घेऊन नदीतून धावत आली होती. त्यांचा मुलगा ईश्वर आणि शेजारच्या वाफ्याचा गोपाळ मारबते यांची वाळूच्या हद्दीवरून बोलचाल बंद होती. पण त्या दिवशी दोघं एका रांगेत उभे राहून घागरी देत-घेत होते. आग विझल्यावर बोलचाल पुन्हा बंद.

मी कप खाली ठेवला आणि भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

पुन्हा हशा. पुन्हा फडकी हलली. पल्याडच्या नाचऱ्या गड्याने या वेळी शेजारणीलाही नाचायला ओढलं. मी मनात म्हटलं, प्रसेनजितला खेळ सुचलाय. त्याला फोन लावणार होते, पण भागरथाबाईंनी कापलेली फोड पुढे केली आणि मी ती खात बसले. लालभडक, गोड फोड होती. खाली पार पलीकडे, धारेच्या त्या बाजूला, ईश्वरची बायको दुर्पता टरबुजं तोडून ढीग लावत होती. तिला आठवा महिना होता. भागरथाबाईंनी तिला काठावर बस म्हणून सांगून पाहिलं होतं, पण ती ऐकणारी नव्हती. एका हाताने कंबर धरून ती वाकायची आणि दुसऱ्या हाताने देठ पिरगळायची.

भोंगा तिसऱ्यांदा वाजला. आता मात्र मी वैतागले आणि फोन लावला.

"पुरे ना रे," मी म्हटलं. "किती वेळा दाबशील? इथे लोकांनी नाच सुरू केलाय."

"काय दाबू?"

"बटण. तीनदा भोंगा वाजला."

मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "मी अजून ऑफिसला पोचलोच नाही गं," तो म्हणाला. "पेट्रोल पंपावर आहे. माझं लॉगिनपण झालं नाही."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. आलेले तीन निरोप एकाखाली एक दिसत होते. चाचणीचा निरोप आणि खरा निरोप दिसायला सारखेच, फरक फक्त शेवटच्या एका ओळीत असतो, आणि मी तिथपर्यंत वाचायची तसदी घेतली नव्हती. आता वाचली. तिथे लिहिलं होतं, चाचणी: नाही.

पहिला निरोप येऊन वीस मिनिटं होत आली होती.

"प्रसेन, बंधाऱ्यावर फोन कर. पाणी सुटलंय का विचार. नाही, काही विचारू नकोस. दारं बंद करायला सांग." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि भागरथाबाईंकडे वळले. "पाणी सोडलंय," मी म्हटलं. "खरंच सोडलंय. ही तालीम नव्हती."

त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी नदीत दुर्पता कुठे आहे ते पाहिलं.

मी लॅपटॉपवरून भोंगा लावला तो थांबूच दिला नाही. खांबावरून नुसता एकसारखा आवाज निघत होता. मी काठाच्या कडेला जाऊन दोन्ही हात हलवले, ओरडले, उड्या मारल्या, ओढणी काढून फिरवली. वारा काठाकडे वाहत होता, माझे शब्द माझ्याच तोंडावर येत होते. खाली लोक सरळ उभे राहिले आणि पोट धरधरून हसले. बाईने सकाळी म्हटलं तसं करूनही दाखवलं म्हणून त्यांना कोण आनंद झाला. गोपाळ मारबते तर टाळ्या वाजवत होता. मी त्यांना नाचले तरी उठू नका म्हणून बजावलं होतं, आणि मी काठावर नाचत होते, आणि ते उठत नव्हते. मला रडू फुटलं.

खाली पात्रात फोनला रेंज नव्हती, म्हणून तर भोंगा बसवला होता. धावत जाऊन सांगावं तर वाफे अर्ध्या नदीभर पसरलेले, पाय घोट्यापर्यंत रुतणारी वाळू. जवळच्या चौघांना सांगेपर्यंत दूरचे गेले असते. सगळ्यांत दूर दुर्पता होती.

"ते तुमचं ऐकतीन नाही," भागरथाबाई म्हणाल्या. "माह्यंही नाही ऐकतीन. म्हणतीन, भागरथा बी नाचाले लागली."

तेव्हा मला सकाळची उदबत्ती आठवली.

"भागरथाबाई," मी म्हटलं, "आग दिसली तर येतील?"

त्यांना लगेच कळलं. त्यांनी एकदा वळून आपल्या झोपडीकडे पाहिलं. खांब रोवायला जागा लागली म्हणून त्यांनीच आपली झोपडी इतरांपासून बाजूला सरकवून बांधली होती. वारा नदीवरून येऊन मागच्या मोकळ्या माळाकडे जात होता. पेटली असती तर ती एकटीच पेटली असती. मी पूजेच्या ताटातली काडेपेटी उचलली.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या मला अहोजाहो करायचं विसरल्या. "तू लावशीन तं लोक तुले जित्तं ठेवतीन नाही. माह्या घराले मी लावतो."

"सामान बाहेर काढू आधी. मी काढते."

"सामान काढत बसू तं तिकडे पाणी येईन, पोरी."

त्यांनी दाराशी बांधलेली बकरी तेवढी सोडली आणि तिच्या पाठीवर चापट मारून तिला माळाकडे हाकललं. मग झोपडीच्या वाऱ्याकडच्या कोपऱ्यात खाली बसून काडी ओढली. पहिली विझली. दुसरी त्यांनी पदराआड धरली. गवत आधी नुसतं काळं पडल्यासारखं दिसलं, मग आतून धुराची एक वळी निघाली आणि पाठोपाठ एकदम जाळ. मी आयुष्यात इतक्या जवळून घर पेटताना पाहिलं नव्हतं. भागरथाबाई चार पावलं मागे सरकल्या आणि कमरेवर हात ठेवून नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घराकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी भोंगा बंद केला. हसणंही बंद झालं.

क्षणभर खाली कुणी हललं नाही. मग एक बाई किंचाळली, आणि सगळी वाडी उठली. ज्याच्या हाताला जे लागलं ते, घागर, बादली, पत्र्याचा डबा, धारेत बुडवून माणसं काठाकडे धावत सुटली. म्हाताऱ्या लुगडी गुडघ्यापर्यंत वर खोचून पळत होत्या. नाचणारा गडी सगळ्यांच्या पुढे होता. ईश्वर पल्याडून निघाला तो बादली न घेताच, कारण पेटलं होतं ते त्याचं घर, आणि आई आतच असेल असं त्याला वाटलं. दरडीवर चढेपर्यंत त्याचा श्वास संपला होता. आई समोर धडधाकट उभी दिसली तसा तो मटकन खाली बसला.

लोकांनी तोवर सवयीने दरडीवरून खाली वाळूपर्यंत रांग लावली होती आणि घागरी हातोहात वर येऊ लागल्या होत्या. गोपाळ मारबते रांगेत मधोमध होता.

"विझवू नका," भागरथाबाई मोठ्याने म्हणाल्या. "जळू द्या. ईश्वर, दुर्पता कुठं हाय?"

"येऊन रायली ना मांगून. घर पेटलं तं मी..."

"घर मीच पेटवलं. बंधाऱ्याचं पाणी सुटलं. तुही बायको नदीत हाय अन् तू इथं बसला."

पुढे कुणी काही विचारलं नाही. भागरथाने स्वतःचं घर पेटवलं म्हणते, एवढ्यावर तिथल्या प्रत्येकाला सगळं कळलं. माझ्या आठ दिवसांच्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं. सगळी तोंडं नदीकडे वळली.

दुर्पता धारेच्या अलीकडे येऊन पोचत होती. दोन्ही हातांनी पोट सावरत, पाय फाकवून, घाई करता येत नाही तरी घाई करत. आणि तिच्या मागे वरच्या वळणावर नदीचा रंग बदलला होता. आवाज काही नव्हता. मला वाटायचं पाणी येताना गर्जत येत असेल. ते नुसतं पसरत आलं, पिवळट फेस, काटक्या, वाळलेली पानं पुढे ढकलत. पल्याडचे वाफे आधी ओले झाले, मग दिसेनासे झाले. दुर्पताने लावलेला ढीग हलला आणि टरबुजं एकेक करून तरंगायला लागली.

ईश्वर दरडीवरून अक्षरशः घसरत खाली गेला. त्याच्या मागे गोपाळ गेला. आणि मग घागरींसाठी लावलेली ती रांगच्या रांग, हातातल्या घागरी फेकून, एकमेकांची मनगटं धरून पात्रात उतरली. कुणी हुकूम दिला नव्हता. रांग लावलेलीच होती, तिने फक्त तोंड फिरवलं. सगळ्यात पुढे ईश्वर, त्याचं मनगट गोपाळच्या हातात, गोपाळचं त्या नाचऱ्या गड्याच्या, आणि शेवटचं टोक काठावर भोंग्याच्या खांबाशी. शेवटच्या टोकाला मी होते. एका हाताने खांब आणि दुसऱ्या हाताने एका अनोळखी म्हातारीचं मनगट मी धरलं होतं.

पाणी दुर्पताच्या गुडघ्याला लागलं, मग मांडीला. ती थांबली. तिथे उभी राहून तिने वर आमच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ती बसणार, बसली की संपलं. भागरथाबाई माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात, जणू ती शेजारीच असावी तशा, "चाल माय, चाल माय," एवढंच म्हणत राहिल्या. ईश्वरचा हात पोचत नव्हता, दोन हात कमी पडत होता. गोपाळने त्याचं मनगट सोडलं आणि त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं, तेवढ्याने ईश्वर पुढे झाला आणि त्याच्या पंज्यात तिचा दंड आला. सगळी रांग मागे ओढायला लागली. माझा खांदा निखळतो की काय असं झालं. तरंगती टरबुजं आमच्या पायांवर आपटून जात होती.

तिला वर काढून वाळूवर निजवलं तेव्हा पाणी दरडीला लागलं होतं. झोपडी जळून बसली होती. दुर्पता बराच वेळ डोळे मिटून पडली होती, आणि भागरथाबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला होता. मग त्यांनी मान डोलावली. पोर आत हललं होतं. तेवढ्यावर बायकांनी रडायला सुरुवात केली, आणि मीही त्यांच्यात बसून मनसोक्त रडले.

नदीतली वाडी गेली. माणूस एकही गेलं नाही. पाणी सोडायचं दुसऱ्या दिवशी ठरलं होतं, कुठल्याशा शहराला पाणी कमी पडलं म्हणून एक दिवस आधीच सोडलं, असं नंतर समजलं. प्रसेनजितचा फोन तिथे कुणी उचललाच नव्हता. गावात दवंडी देणारा माणूस दुपारी आला. लोकांनी त्याला टरबूज कापून दिलं, काठाला लागलेलं.

संध्याकाळी राखेतून काही मिळतं का पाहत होतो तेव्हा भागरथाबाईंना एक जळकं गाठोडं सापडलं. त्यांनी उलटसुलट केलं आणि परत टाकलं. होणाऱ्या बाळासाठी त्यांनी शिवलेल्या चार छोट्या गोधड्या होत्या त्यात. एवढ्या तरी काढायला हव्या होत्या, मी म्हटलं. त्या पुढची राख चाळायला लागल्या.

त्या रात्री मी लॅपटॉप पुन्हा उघडला. तीनही निरोपांपुढे आमच्या सर्व्हरने हिरव्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, भोंगा वाजला, भोंगा वाजला, भोंगा वाजला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मला त्या हिरव्या रंगाची इतकी चीड आली की मी झाकण आपटून बंद केलं. आणि मग कळलं. उत्तराचा भाग मी दुपारवर ढकलला नसता, आमच्याकडून "मिळाला" एवढं गेलं असतं, तर बंधाऱ्याचं सॉफ्टवेअर समाधान पावून गप्प बसलं असतं. भोंगा एकदाच वाजला असता. लोक एकदाच हसले असते. मी टरबुजाची दुसरी फोड खाल्ली असती. उत्तर मिळालं नाही म्हणून ते हाका मारत राहिलं, आणि तिसऱ्या हाकेला मी वैतागले, एवढ्यावर सगळं निभावलं.

भागरथाबाईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील.

"मंग आमाले बी तसंच द्या," त्या म्हणाल्या.

"तसंच म्हणजे?"

"भोंग्याले उत्तर आम्ही देऊ. आम्ही सगळे वर आलो असं सांगत नाही तोवर त्यानं बोंबलत राहावं."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही खांबाला एक लाल बटण बसवलं. बंधाऱ्याला "मिळाला" हे आता आमचा सर्व्हर निमिषात कळवतो, पण वाडीवरचा भोंगा त्याने थांबत नाही. वाडीतल्या माणसाने ते बटण दाबलं तरच थांबतो आणि मगच आमच्या पडद्यावर "वर आलो" असे दोन शब्द उमटतात. चाचणीसाठी वेगळी घंटा ठेवली, बारक्या आवाजाची. बटण कुणी दाबायचं यावर वाडीत चर्चासुद्धा झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी ऑफिसात होते. समोर प्रसेनजित होता, आता त्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत. बंधाऱ्याचा निरोप आला. खरा. भोंगा सुरू झाल्याचं पडद्यावर दिसलं. एरवी पाच-सात मिनिटांत उत्तर येतं. त्या दिवशी येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. प्रसेनजित खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसला. मला ती पिवळट फेसाची कड दिसायला लागली होती.

मी फोन लावला. दुर्पताने उचलला. मागे भोंगा इतका मोठ्याने वाजत होता की ती काय म्हणते ते कळेना.

"वर आलात का सगळे?" मी ओरडून विचारलं.

"आलो ना ताई, कवाचेच आलो."

"मग बटण का नाही दाबलं?"

"सासूबाई दाबू देत नाही," दुर्पता म्हणाली. "पोरीची बकरी खाली रायली म्हणते. ईश्वर गेला आणाले."

प्रसेनजितने कीबोर्डकडे हात नेला. "गाव बहिरं होईल," तो म्हणाला. "इथून बंद करू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

मी फोन तसाच कानाशी धरून बसले. भोंगा वाजत होता, आणि त्याच्यावर आवाज चढवून भागरथाबाई बकरीला तिच्या सात पिढ्यांवरून शिव्या घालत होत्या. मग कुणीतरी जोरात हसलं, बकरी बें करून ओरडली.

आणि भोंगा थांबला.